लिंक नाही, सर

गावातल्या पेन्शनर माणसाला बँक पैसे ठेवण्यासाठी लागत नाही. पैसे काय, ज्वारीच्या कणगीतही राहतात. बँक लागते ती बंद असण्यासाठी. हे मत अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही, पण कोल्हारात हायस्कूलचा मास्तर म्हणून निवृत्त होऊन, वर थोडा ऊस राखून, स्टँडपासून हाकेच्या अंतरावर घर बांधून बघा. वर्षभरात पटेल.

आमचं गाव नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठी. पुलापलीकडे कोल्हार खुर्द, तो राहुरी तालुका. अलीकडे आम्ही कोल्हार बुद्रुक आणि आम्हाला लागून भगवतीपूर, हा राहाता तालुका. भगवतीमातेच्या दर्शनाला आलेले, शिर्डीला जाता जाता थांबलेले, घोटीच्या रस्त्याने लोणी-संगमनेरकडे वळणारे असे सगळे इथून जातात. आडवळणाच्या वस्तीवर उसने पैसे मागायला जायचं तर माणूस दोनदा विचार करतो. रस्त्यावरच्या घरी तो 'सहज' येतो, आणि सहज आलेल्या माणसाइतकं महाग कुणी नसतं.

हातउसने मागायला आलेला माणूस आधी पैशांचं नाव काढत नाही. तो ओट्यावर टेकतो. "चाललो होतो इकडून, म्हटलं सरांना भेटावं." मग पाऊस. मग कांद्याचा भाव. मग बिबट्या, कारण आमच्याकडे उसात बिबट्या असतोच. नसला तरी कुणीतरी पाहिलेला असतो. चहा होतो. मुलगा पुण्यात का, बरं आहे, सून पण नोकरीला का, लईच बरं आहे. मग तो उठतो, चपला शोधतो, आणि एक पाय चपलेत व दुसरा पायरीवर असताना मागे वळून म्हणतो, "सर, ते जरा एक काम होतं." या 'ते'मध्ये पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत काहीही मावतं. त्याआधीचा पाऊण तास ही प्रस्तावना होती, हे आता कळतं. खरं तर ते बिबट्यापाशीच कळलेलं असतं.

यावर 'नाही' म्हणायचं नसतं. पैशाच्या बाबतीत आमच्याकडे 'नाही' चालत नाही. तो शब्द सोयरीक मोडताना वापरतात. म्हणायचं असतं, "देतो ना. तुम्हाला नाही द्यायचे तर कुणाला? फक्त ते बँकेचं..." आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचं. पुढचं बँक बघून घेते.

माझ्या जुन्या बँकेने ही जबाबदारी नोकरीभर निष्ठेने सांभाळली. 'लिंक नाही' हे तिथलं मुख्य वाक्य. लिंक म्हणजे काय, ती कुठून येते आणि कुठे जाते, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ती नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. रस्त्याचं काम निघालं की केबल तुटायची, आणि नगर-मनमाड रस्त्याचं काम कायमच निघालेलं असायचं. त्याखेरीज साहेब मीटिंगला नगरला गेलेत, कॅश आलेली नाही, सही जुळत नाही, मशीनने पासबुक गिळलं. मार्चएण्ड हा तर सण. तो फेब्रुवारीच्या मध्यात सुरू व्हायचा आणि एप्रिल उलटला तरी 'एण्डचं अजून चाललंय' या आवाजात रेंगाळायचा. रिझर्व्ह बँकेने २०१५च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकांना सुट्टी जाहीर केली, तेव्हा बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांइतकाच मीही आनंदलो होतो. नोटाबंदीत तर बोलायचंही काम पडलं नाही. १४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, आणि ज्या गावाचं सगळं अर्थकारण सोसायटी आणि जिल्हा बँकेच्या चाकोरीतून जातं, तिथे कुणी कुणाला काही मागण्याच्या पलीकडे गेलं.

यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाला कळत नाही. लिंक असते हे मागणाऱ्यालाही माहीत असायचं. त्याला माहीत आहे हे मलाही माहीत असायचं. पण नकार माझ्याकडून आलेला नसायचा, आणि त्यानेही तो माझ्याकडून घेतलेला नसायचा. दोघं मिळून आम्ही बँकेला शिव्या द्यायचो. "काय सर, आपलेच पैसे आणि आपल्यालाच हेलपाटे!" असं म्हणून तो जायचा. संबंध बिघडणं दूरच, उलट घट्ट व्हायचे. दोन दिवसांनी तो मला त्याच्या वावरातले पेरू आणून द्यायचा.

सबबींच्या या भक्कम इमारतीचा पहिला दगड १६ डिसेंबर २०१९ रोजी निखळला. त्या दिवसापासून एनईएफटी चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही सुरू झाली. वर्षभराने, १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसही चोवीस तास. तत्काळ पैसे धाडायची सोय त्याआधीही होती, युपीआय २०१६ सालीच आलं होतं. पण ते तरुणांचं काम समजलं जायचं. मास्तर लोक चेक आणि स्लिपवाले, असा सर्वसाधारण आदर होता. त्या आदरावर मी काही वर्षं काढली.

मग मुलगा दिवाळीला आला आणि बँकेत पासबुक भरायला गेलेल्या मला आणायला म्हणून तिथे येऊन उभा राहिला. पुण्यात राहणाऱ्या माणसाला रांग दिसली की तिच्यावर उपाय करावासा वाटतो. रांगेत मी डाळिंबाच्या तेल्या रोगावर बोलत होतो, एका माजी विद्यार्थ्याला त्याच्या दहावीच्या भूमितीची आठवण देत होतो आणि एकंदर सुखात होतो, हे त्याला दिसलं नाही. घरी आल्यावर त्याने मोबाईल मागितला.

"बाबा, तुमचं खातं ॲपवाल्या बँकेत उघडू. कुठे जायला नको."

"शाखा कुठेय तिची? लोणीला?"

"शाखाच नाही."

"मग ती बंद कधी असते?"

"कधीच नसते," तो आनंदाने म्हणाला.

माझ्या पोटात गोळा आला, पण बापाने मुलाच्या उत्साहावर पाणी ओतू नये म्हणून गप्प बसलो.

नुसतं ॲप म्हणजे बँक असं आपल्याकडे अजून झालेलं नाही, हे मी पुढे चौकशी करून शोधून काढलं. फक्त फोनमध्ये राहणाऱ्या बँकेला रिझर्व्ह बँक वेगळा परवाना देत नाही. नीती आयोगाने २०२१च्या नोव्हेंबरात त्यावर चर्चापत्र काढलं होतं, चर्चा झाली. त्यामुळे एक तर जुन्याच बँका ॲपचा नवा अवतार घेतात. एका मोठ्या खाजगी बँकेने २०१७ मध्ये असं खातं काढून त्याला '८११' नाव दिलं, ते नोटाबंदीच्या ८ नोव्हेंबर तारखेवरून. नाही तर ॲपवाली कंपनी पुढे बसते आणि मागे कुठलीतरी परवानाधारक बँक असते. म्हणजे विटा-सिमेंट कुठेतरी आहेच. पण ते कोल्हारात नाही, आणि 'साहेब जेवायला गेलेत' असं सांगायला साहेब दिसावा तरी लागतो.

खातं उघडायला व्हिडिओवर ओळख पटवावी लागते. रिझर्व्ह बँकेने २०२०च्या जानेवारीत ही सोय मान्य केली. शहरातला कुणी अधिकारी समोर पडद्यावर येतो, आपण कुठे बसलो आहोत ते फोन त्याला परस्पर कळवतो, आपण पॅन कार्ड गालाजवळ धरतो. मागे पांढरी भिंत पाहिजे म्हणाले. आमच्या भिंतीवर कारखान्याचं कॅलेंडर, घड्याळ, वडिलांचा हार घातलेला फोटो आणि मुलाची पदवी. ते सगळं उतरवलं. रेंज मात्र फक्त ओसरीच्या कोपऱ्यात, म्हणून भिंतीऐवजी चादर धरली. चादरीच्या एका टोकाला मुलगा, दुसऱ्या टोकाला सून.

"आपके साथ और कोई है?" अधिकाऱ्याने विचारलं. कुणी धाकदपटशाने तर खातं उघडून घेत नाही ना, हे बघण्यासाठी तसं विचारतात. दारात शेजारच्या वहिनी, दूध घालायला आलेला पोरगा, खाटेवर माझी आई आणि चादरीची दोन टोकं, एवढे जण होते. मी म्हणालो, "नहीं, मैं अकेला हूँ." आतून ही म्हणाली, "झालं. एवढंच राहिलं होतं गावाला सांगायचं."

मग डोळे मिटून उघडायला सांगितलं. समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, याची ती खात्री. जुनी बँकही दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला मागते, म्हणून मला त्याचं वाईट वाटलं नाही. फरक इतकाच की तिथे साहेब "या सर, बसा, चहा घेणार?" असं विचारतो आणि मग मी जिवंत असल्याचा पुरावा मागतो.

इथवर ठीक होतं. पुढे अधिकारी म्हणाला, कोऱ्या पांढऱ्या कागदावर सही करा आणि कॅमेऱ्यासमोर धरा.

खाटेवरून आई उठून बसली. तिला ऐकू कमी येतं, पण 'कोरा कागद' तिला ऐकू येतो. "आरं, कोऱ्या कागदावर? काय खुळा झाला का काय?"

तिचं चुकत नव्हतं. आमच्या मुलखात कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा म्हणजे काय, हे शिकवायला लागत नाही. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि ते लोण आमच्या नगर जिल्ह्यात श्रीगोंदा-पारनेरपर्यंत आलं. जमावाला सावकाराचं सोनंनाणं नको होतं. त्यांना कागद पाहिजे होते: खतं, रोखे, हुकूमनामे. ते मागून घेतले आणि चव्हाट्यावर जाळले. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला, त्यात खतं गावच्या निबंधकासमोर वाचून, समजावून लिहिली जावीत अशी तरतूद आली. एवढं रामायण झाल्यावर, जवळपास दीडशे वर्षांनी, याच जिल्ह्यातल्या एका मास्तराने कोऱ्या कागदावर सही करून ती अनोळखी माणसाला दाखवायची होती. आणि उद्या काही झालं तर जाळायला हाती कागदही नाही. ॲप जाळायचं म्हणजे आपलाच फोन जाळायचा.

"पीछे कौन बोल रहा है?" अधिकाऱ्याने विचारलं.

"इतिहास," मी म्हणालो. लिंक तुटली. ती खरोखर तुटली. पण मुलाने पुन्हा जोडली, आणि खातं उघडलं.

सावकारी गेली ती सहकारामुळे, असं आम्ही शाळेत शिकवायचो आणि ते खरंही आहे. इथून जवळ लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली गावकऱ्यांची पतपेढी काढली; धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला तो नंतर. पतपेढीने शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून उठवलं, हे तिचं मोठं काम. पण त्या व्यवस्थेत आणखी एक शहाणपण होतं, त्याकडे अभ्यासकांनी पुरेसं लक्ष दिलेलं नाही. कर्ज द्यायचं की नाही, हे पंच कमिटी ठरवायची. म्हणजे नकार द्यायची वेळ आली तर तो नकारही सहकारी तत्त्वावर. कुणा एकाच्या अंगावर तो यायचा नाही; ठरावात मावायचा. ॲपमध्ये कमिटी नाही. ॲपमध्ये मी, माझा अंगठा आणि समोर उभा असलेला माणूस.

नव्याने युपीआय चालू केलं की पहिले चोवीस तास पाच हजारांचीच मर्यादा असते. तो माझ्या डिजिटल आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस. त्या दिवशी आलेल्या एका गृहस्थांना मी मर्यादेचा तो संदेश वाचून दाखवला, त्यांनीही मान हलवली, पेरूची आशा निर्माण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. "सर, चोवीस तास झाले ना?"

पूर्वी 'ठेवीत अडकलेत' हे माझं राखीव अस्त्र होतं. अडकलेले पैसे म्हटलं की समोरच्याला दया येते. मुदत संपल्याशिवाय काढता येत नाहीत, काढायला गेलं तर अर्ज, पावती, साहेबाची सही. मी ते वाक्य ॲपच्या काळातही एकदा वापरून पाहिलं. पाहुणा उठून माझ्या शेजारी येऊन बसला. "बघू फोन. हे बघा सर, इथं दाबायचं. लगेच मोडती. थोडं व्याज जातं, पण मी देईन ना ते." माझी ठेव कशी मोडायची, हे तो माझ्यापेक्षा प्रेमाने शिकवत होता.

'उसाचं बिल आलं नाही' ही सबब पूर्वी मार्चपर्यंत सहज टिकायची. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे, आणि कायद्यावर कुणाचाच विश्वास नसल्यामुळे सबबीला बळ होतं. आता पंधरवड्याची बिलं जमा झाली की एकाच दुपारी निम्म्या गावाचे फोन वाजतात. पारावर बसलेला माणूस आधी स्वतःचा मेसेज बघतो, मग मान वर करून माझ्या घराकडे बघतो.

नावांचा घोटाळा वेगळाच. नगर जिल्ह्यात बारशालाच मुलाचं नाव भाऊसाहेब, बाळासाहेब, रावसाहेब, दादासाहेब ठेवतात. पाळण्यात असतानाच साहेब, पुढची चिंता नाही. पण त्यातल्या कुणालाही गावात त्या नावाने हाक मारत नाहीत. माझ्या फोनमध्ये 'पंपवाला', 'खालच्या आळीचा', 'तात्यांचा मधला' असे लोक आहेत. पैसे पाठवताना ॲप मात्र बँकेतलं खरं नाव दाखवतं, आणि ते नेमकं बाळासाहेब असतं. कोणता बाळासाहेब? सुरुवातीला मला यात आशेचा किरण दिसला. "तुमचं नाव वेगळंच येतंय, चुकीच्या माणसाला जायला नकोत," असं मी म्हणायचो. त्यावर लोकांनी खिशातून क्यूआर कोड काढायला सुरुवात केली. चहावाल्याकडे कोड ठीक आहे, त्याचा धंदा आहे. उसने मागणारा माणूस स्वतःचा कोड लॅमिनेशन करून खिशात बाळगतो, हे मी कोल्हारात पाहिलं आहे.

पण सगळ्यात मोठा आघात 'रिक्वेस्ट'चा. पैसे मागण्यासाठीच एक बटण होतं. ते समोरच्याने दाबलं की माझा फोन थरथरायचा आणि त्यावर रक्कम, नाव आणि खाली दोन शब्द यायचे: द्या किंवा नाकारा. पाऊस नाही, कांदा नाही, बिबट्या नाही. भाचा तर पुण्यातून रात्री साडेअकराला पाठवायचा आणि खाली नमस्काराचे जोडलेले हात. मी पाऊण तासाच्या प्रस्तावनेला वैतागायचो, पण त्या पाऊण तासात मागणाऱ्याचा एकदा तरी विचार बदलायची शक्यता असायची; निदान त्याला घरात आलेल्या इतर दोघांसमोर ते बोलता यायचं नाही. आणि 'नाकारा' हे बटण! उभ्या आयुष्यात जो शब्द मी सोयऱ्याधायऱ्यांना तोंडाने म्हटला नाही, तो आता अंगठ्याने म्हणायचा, आणि तोही समोरच्याला लेखी कळायचा. मी तेव्हा फोन पालथा घालून झोपायचो. हे बटण पुढे राष्ट्रीय देयके महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसा-माणसांतल्या व्यवहारांसाठी बंदच केलं. कारण फसवणुकीचं दिलं गेलं. मला ते वेगळ्या अर्थाने पटलं.

त्याच सुमारास शिल्लक बघण्यावरही मर्यादा आली. एका ॲपवर दिवसाला पन्नास वेळाच. वाचून मी चकित झालो. दिवसातून पन्नास वेळा आपली शिल्लक बघणारा माणूस देशात आहे आणि त्याच्यासाठी नियम करावा लागतो! पासबुकाच्या काळात आम्ही शिल्लक तिमाहीला बघायचो, तीही छपाई पुसट असल्यामुळे आशावादी नजरेने.

सुखाचे क्षण आले नाहीत असं नाही. १२ एप्रिल २०२५. त्या दिवशी हनुमान जयंती होती. शनिवार होता, आणि तोही दुसरा, म्हणजे बँका बंद. आणि सकाळपासून देशभर युपीआय अडखळलं. पडद्यावर गोल चक्र फिरतंय, फिरतंय, आणि मग 'व्यवहार अयशस्वी'. मारुतीच्या देवळात दर्शनाला गेलो, तर ओळखीचे तिघं-चौघं मागणारे भेटले आणि कुणीही काही मागितलं नाही. उलट एक जण म्हणाला, "सर, रोख असतील तर नारळाचे पैसे द्या, माझं जात नाहीये." नारळाचे दिले. आनंदाने दिले. दुपारनंतर ते सगळं पूर्ववत झालं, हे मी कुणाला आपणहून सांगितलं नाही.

ही चेष्टा झाली. पण बँक बुडणं ही चेष्टेची गोष्ट नाही, हे नगर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. शंभरी ओलांडलेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२३च्या ऑक्टोबरात रद्द केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे. २०२० पूर्वी ते एकच लाख होतं. पाच लाखांच्या वर ज्यांचं होतं त्यांचं काय झालं, ते त्यांच्या घरी जाऊन विचारावं. तेव्हा इमारत आहे म्हणून बँक टिकते, असं मी म्हणणार नाही. आणि फोनमध्ये आहे म्हणून सुरक्षित, असंही नाही; १५ मार्च २०२४ नंतर एका मोठ्या पेमेंट्स बँकेला खात्यांत नवे पैसे घ्यायला रिझर्व्ह बँकेने बंदी केली, तेव्हा आमच्या स्टँडवरचे दुकानदार आठवडाभर आपापल्या बोलक्या डब्याकडे संशयाने बघत होते. फरक एवढाच की इमारत असली की मोर्चा कुठे न्यायचा, हे ठरलेलं असतं. आम्ही रास्ता रोको करणारी माणसं. ॲपसमोर ठिय्या कसा मांडणार? मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "एक स्टार द्यायचा." आमच्या भागात एका स्टारने तहसीलदारसुद्धा खुर्चीतून उठत नाही.

असं सगळं चाललेलं असताना तारणहार भेटला तो त्याच ॲपमध्ये. २०२४ साली 'युपीआय सर्कल' नावाची सोय आली. घरातल्या एकाचं खातं मुख्य, आणि त्याच्या खात्यातून दुसऱ्याला पैसे देता येतात. पण तसं ठरवलं तर प्रत्येक वेळी मुख्य खातेदाराने आपल्या फोनवर मंजुरी द्यावी लागते. म्हाताऱ्या आईबापांसाठी, कॉलेजातल्या पोरांसाठी असावी. मी ती वाचली आणि जुनी बँक माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली: काउंटर, मंजुरी, विलंब, साहेब. फक्त साहेब नेमायचा बाकी होता.

मी हिला मुख्य केलं. पेन्शन जुन्या बँकेत येते, तिथून हिच्या खात्यात जाते, आणि मी दुय्यम. मुलाला वाटलं बाबांनी स्त्री-पुरुष समानता मनावर घेतली. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनीही कौतुक केलं. ते मी नम्रपणे स्वीकारलं.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. चपलेत एक पाय घातलेल्या माणसाला मी म्हणायचो, "देतो ना. तुम्हाला नाही द्यायचे तर कुणाला?" फोन काढायचा, रक्कम टाकायची, त्याच्यादेखत बटण दाबायचं. "हं, गेली बघा मंजुरीला." मग आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसायचो. आत ही कधी भाकरी थापत असायची, हात पिठाचे. कधी हिचा फोन चार्जिंगला. कधी ही शेजारी हळदीकुंकवाला. ठराविक मिनिटं उलटली की विनंती आपोआप रद्द. "काय करणार, आता आमच्या घरातही साहेब बसलाय." माणूस हसायचा. "सर, सगळीकडे तेच हो." दोघं मिळून आम्ही घरातल्या साहेबाची हळू आवाजात निंदा करायचो. पेरू पुन्हा यायला लागले.

परवा माझा धाकटा मेहुणा आला. ओट्यावर टेकला. पाऊस झाला, कांदा झाला, त्याच्या वस्तीवरचा बिबट्या झाला, चहा झाला. बहिणीशी आत जाऊन दोन शब्द बोलून आला, बाहेर येऊन चपला शोधल्या आणि एक पाय घालून म्हणाला, "दाजी, ते जरा ट्रॅक्टरच्या हप्त्याचं..."

मी फोन काढला. चाळीस हजार टाकले, बटण दाबलं, सुस्कारा सोडला आणि म्हणालो, "आता मंजुरीचं बघा. फार वेळ लागतो हो हल्ली. तुम्ही निघा, झालं की कळवतो..."

माझं वाक्य संपायच्या आत मेहुण्याच्या खिशात फोन वाजला, आणि माजघरातून आवाज आला, "आले का रे भाऊ? कमी पडले तर सांग."